भीमथडी ओपनिंग

बुद्धिबळात ‘भीमथडी ओपनिंग’ नावाचा प्रकार नाही. तो मी बनवला. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्या माणिकतात्यांना तर नाहीच नाही. दुकानाचं शटर लवकर ओढून घरी जाता यावं म्हणून मी एका भल्या माणसाला बुद्धिबळातली बहुधा सगळ्यांत वाईट सुरुवात शिकवली, आणि वर तिला आपल्याच मुलखाचं नाव दिलं.

माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. तात्या मला ‘डाक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, चष्म्याचा नंबर काढतो. तेही मी कधी दुरुस्त केलेलं नाही. माझा स्वभावच असा आहे. समोरच्याचा गैरसमज सोयीचा असेल तर मी गप्प राहतो, आणि गप्प राहण्याला लोक सभ्यपणा म्हणतात.

तात्या काटेवाडीचे. पेरूची बाग, थोडी ढोबळी मिरची, दोन म्हशी. सत्तरीला आलेला सडसडीत माणूस, गळ्यात माळ, डोक्याला टोपी, आणि खांद्याला एक पिशवी, जिच्यातून माझ्यासाठी कायम दोन पेरू निघतात. एक पिकलेला, एक कच्चा. “एक आज खावा, एक परवा.” परवाचीही सोय लावून ठेवणारा माणूस.

ते पहिल्यांदा आले ते चष्म्यासाठी. नंबर लगेच निघाला, फ्रेम मात्र निघेना. दुकानातली एकूणएक फ्रेम त्यांनी नाकावर चढवून बघितली. मग म्हणाले, “डाक्टर, हितं आरशात काय कळनार? रानात घालून बघाय पायजे.” आणि काचा नसलेल्या चार रिकाम्या फ्रेमा घेऊन गेले. एक घालून बागेत हिंडले, एक घालून भजनाला बसले, एक घालून भाचीच्या लग्नात मिरवून आले. लोक विचारायचे, “तात्या, काच कुठाय?” तर म्हणायचे, “काच शेवटी. आदी माप बसू दे.” शेवटी एक फ्रेम ठरली. मी विचारलं, हीच का? म्हणाले, “ही घातली की म्हस बुजत न्हाय.”

हा माणूस काहीही पटकन निवडत नाही, हे त्यांच्या रानात गेलं तरी कळतं. कांद्याचे चार वाफे, तर चार वाफ्यांत चार तऱ्हेचं बी. प्रत्येकाच्या डोक्याशी काठी रोवून पत्र्याचा तुकडा बांधलेला. शेजारचे शेतकरी एकच वाण लावून, काढून, विकून मोकळे होतात आणि तात्या अजून कुठलं चांगलं याचा विचार करत बांधावर उभे असतात. त्यांचं ठरलेलं वाक्य, “रानाला मानवतंय का बघू.” आणि दुसरं त्याहून ठरलेलं, जे ते प्रत्येक कामाआधी समोरच्याला विचारतात: “तुमास्नी घाई न्हाय ना?”

चष्मा न्यायला आले तेव्हा काउंटरच्या टोकाला माझा पट मांडलेला होता. कॉलेजात असताना मी बुद्धिबळ बऱ्यापैकी खेळायचो. आता गिऱ्हाईक नसताना पेपरातलं कोडं मांडून बसतो. तात्यांनी नव्या चष्म्यातून पटाकडे बघितलं.

“ह्ये उरल्यालं हाय का मांडल्यालं?”

म्हटलं, “मांडलेलं. कोडं आहे.”

“मग सुरवात कुनी केली?”

तो प्रश्न ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. पण मला मजा वाटली. मी त्यांना खेळ शिकवायचं कबूल केलं. पोरासोरांना शिकवलंय, म्हाताऱ्याला शिकवायला काय लागतं! आणि खरंच काही लागलं नाही. घोड्याची अडीच घरं त्यांना एका संध्याकाळी आली. उंटाची तिरकी चाल, वजिराचा सर्वसंचार, प्याद्याचं तिरकं मारणं, सगळं आठ-पंधरा दिवसांत आलं. मग त्यांना मुलानं घेऊन दिलेल्या फोनवर कुठंतरी कळलं की डावाच्या सुरुवातीला नावं असतात, जाती असतात आणि नवख्या माणसानं आधी त्यातली एक निवडायची असते. झालं. तात्या निवडायला बसले.

सुरुवातीला ते ‘पेरणी’ म्हणत.

“डाक्टर, नवख्यानं कुठली पेरनी करावी?”

मी त्यांना तेच सांगितलं जे कुठलाही शहाणा माणूस सांगेल. तात्या, जातीच्या नादी लागू नका. मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करून राजा सुरक्षित कोपऱ्यात ठेवा. एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

“व्हय, व्हय,” तात्या मान हलवत म्हणाले. “पर कुठली?”

मग एकेक सुरुवात माझ्या काउंटरवर लागवडीला आली. इटालियन त्यांना सुरुवातीला आवडली, मग म्हणाले, “ह्यात उंट लई लवकर भायेर पडतोय. दारात कोन आलंय का न्हाय ह्ये बघायच्या आदीच निघाला गावाला.” स्कॉच हे नाव ऐकून त्यांनी माळेला हात लावला आणि विषय संपवला. फ्रेंचमध्ये एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, ते त्यांना अजिबात खपलं नाही. “जनावर दावनीला उपाशी आनि मालक लढाईला. ह्येला काय अर्थ?” सिसिलियनमध्ये कडेच्या बाजूनं प्यादं सरकवून मधल्या घरावर डोळा ठेवतात. तात्यांनी ती चाल तीनदा करून बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, “ही बांध कोरनाऱ्याची पेरनी हाय. मानूस हुशार, पर शेजारी नको.” लंडन त्यांनी नाकारली नाही, पण स्वीकारलीही नाही. “तितं पाऊस लई. आपल्याला मानवंल का?”

मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर फार कुतूहल वाटायचं. निवड लांबते तशी त्यांची पहिली चालही लांबायची. सगळी मोहरी जागच्या जागी, पट कोरा, समोरच्यानं अजून काहीच केलेलं नाही. विचार करण्यासारखं तिथं असतं काय? पण तात्या चष्मा सावरायचे, “तुमास्नी घाई न्हाय ना?” विचारायचे, मी “नाही नाही” म्हणायचो, आणि त्यांचं बोट एका प्याद्यावरून दुसऱ्या प्याद्यावर फिरायला लागायचं. पेरू पिकलाय का बघतात तसं प्रत्येक प्यादं हलकं दाबून बघायचे. बघता बघता बोलायचे. कालव्याला पाणी आलं. धाकट्या म्हशीनं दूध चोरलं. बागेत पोपट आलेत, पण यंदाचे पोपट गरीब आहेत, अर्धा खाल्लेला पेरू दुसऱ्या दिवशी येऊन संपवतात. बोट अजून त्याच प्याद्यावर.

मध्येच पुण्याहून काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, फोन यायचा. सून नोकरीला जाते, नातू लहान, म्हणून काकू नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या त्या तिकडंच राहिल्या. सणाला येतात. तात्या फोन स्पीकरवर टाकत.

“कुठं हायसा?”

“डाक्टरकडं. डाव चाललाय.”

“कालबी डावच चाललावता. संपत न्हाय व्हय?”

“अगं, सुरूच झाला न्हाय अजून.”

एकदा काकू मलाही म्हणाल्या, “भाऊ, त्यास्नी जरा बसू देत जावा हं. तुमच्याकडनं गेले की बरं आसत्यात.” मी म्हटलं, “काकू, हे त्यांचंच दुकान आहे.” असली वाक्यं मला छान येतात.

आता त्या संध्याकाळबद्दल. टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता. घरून निरोप आला होता की थालीपीठं तव्यावर पडतायत. समोरच्या मेडिकलवाल्यानं दिवे मालवले. आणि तात्या राजापुढचं प्यादं चिमटीत धरून म्हणत होते, “डाक्टर, एक कळत न्हाय. ह्या राजाला कोपऱ्यात का कोंबायचा? घरचा कर्ता मानूस तो. रानात काय चाललंय त्याला दिसाय नको?”

मी म्हटलं, “बरं.”

“आनि दुसरं. इटली झालं, लंडन झालं, फ्रेंच झालं. आपल्या भागाचं काय न्हाय का ह्यात?”

मी घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आहे की. भीमथडी ओपनिंग.”

तात्यांच्या हातातलं प्यादं तसंच राहिलं. “भीमथडी? आपली भीमथडी? तट्टांची?”

“तीच. जुनी आहे. आता कुणी खेळत नाही.”

आणि मी ती तिथल्या तिथं रचली. राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवायचं. म्हणजे ओटा तयार. दुसऱ्या चालीला राजाला उचलून त्या मोकळ्या घरात आणून बसवायचा. राजा ओट्यावर. तिथून त्याला सगळं रान दिसतं. काळी मोहरी असली तरी तेच.

ज्यांना खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दार सताड उघडं टाकून, कपाटाच्या किल्ल्या बाहेर ठेवून, स्वतः रस्त्यावर खाट टाकून झोपण्यासारखं आहे हे. समोर बरा खेळाडू असेल तर चहा निवायच्या आत मात होते. मला तेच हवं होतं.

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “एवढे दिस का लपवलं?”

“आधी बाकीच्या कळायला पाहिजेत ना, तात्या. मग किंमत कळते.”

“ह्ये बरोबर.” त्यांनी प्यादं सरकवलं. राजाला दोन बोटांनी उचलून नव्या घरात ठेवला, जरा फिरवून त्याचं तोंड माझ्याकडे केलं. “बसला बगा मालक.” ज्या माणसानं चष्म्याची फ्रेम म्हशीला विचारून ठरवली, त्यानं माझी थाप विचार न करता घेतली. मी त्यांना चटकन मात दिली आणि थालीपीठं गरम असताना घरी पोचलो. भारतानं तो सामना जिंकला की नाही, आता आठवत नाही.

त्या दिवसापासून पहिली चाल लांबणं बंद झालं. तात्या यायचे, पेरू ठेवायचे, मालकाला ओट्यावर बसवायचे. मी उंट काढून शह द्यायचो. मालक ओट्यावरून अंगणात, अंगणातून बांधावर, आणि बांधावर त्याला माझा वजीर गाठायचा. तात्या पटाकडे बघत म्हणायचे, “झालं व्हय?” मग उठून पिशवी खांद्याला लावायचे. “बरं. जावा आता. भाकरी गरम खावा.” हे ते रोज म्हणायचे. मला ती निरोप घ्यायची पद्धत वाटायची.

उसाचा हंगाम चालू असताना इंदापुरात एका मंगल कार्यालयात हौशी खेळाडूंची स्पर्धा भरली. तात्यांनी स्वतःचं नाव दिलं आणि मला म्हणाले, “डाक्टर, तुमी फकस्त संगं चला. खेळू नका. तुमी खेळला तर बाकीच्यांचं काय?” खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. एक वाक्य तर होतं. पण मला वाटलं, नाही जायचे शेवटच्या दिवशी. मग वाटलं, एसटी चुकेल. काटेवाडीच्या स्टॉपवर ते धुतलेल्या टोपीत उभे होते. पिशवी नेहमीपेक्षा जड होती.

तिथं पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर एका ट्रान्सपोर्टचा मॅनेजर आला. तात्यांनी त्याच्यापुढं आधी पेरू ठेवला. मग प्यादं, मग राजा. मॅनेजर पटाकडे बघत राहिला. त्याला वाटलं आजोबांचा हात चुकला. “बाबा, मागं घ्या हवं तर.”

“मागं का? भीमथडी हाय.”

“काय हाय?”

“भीमथडी ओपनिंग. आपल्याच भागातलं. तुमी इंदापूरचं आसून म्हाईत न्हाय?”

मॅनेजरनं शेजारच्या पटाकडे बघून डोळा मिचकावला आणि थोड्याच चालींत मात दिली. तात्या म्हणाले, “अजून एक बसायचं का? आसंच, हिशेबाबाहेरचं.” तो मनगटावर बघून म्हणाला, “नको बाबा, जरा चहा घेऊन येतो.” पेरू तेवढा त्यानं उचलला.

दुसऱ्या फेरीत एक शाळेतल्या बाई. त्या सभ्य होत्या, हसल्या नाहीत, पण मात त्यांनीही चटकन दिली. तात्यांनी त्यांनाही विचारलं, “मॅडम, अजून एक?” त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी नक्की.” दुपारपर्यंत हॉलभर बातमी झाली. लोक आपला डाव सोडून तात्यांच्या मागं येऊन उभे राहायचे आणि राजा उचलला की खोकल्यासारखं हसायचे. कुणीतरी विचारलं, “आजोबा, कुणी शिकवलं हो हे?” मी भिंतीला टेकून उभा होतो. तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, “शिकवनारा भारी हाय. माझ्याच हाताला अजून वळन न्हाय. बी वाईट नसतंय, पानी कमी पडलं.”

सगळे डाव ते हरले. प्रत्येक डावानंतर “अजून एक?” विचारत राहिले. एकही माणूस बसला नाही. जो इतक्या लवकर हरतो त्याच्याशी दुसऱ्यांदा कोण खेळणार? संध्याकाळी पिशवी रिकामी झाली होती. पेरू सगळ्यांनी घेतले होते.

परतीच्या एसटीत आम्हाला एकाशेजारी एक जागा मिळाली. भवानीनगरच्या अलीकडं पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले, दोन-दोन ट्रेलरवाले, गाणी लावून चाललेले. गाडी रांगत होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “तात्या, हारजीत मनाला लावून घेऊ नका.”

“जिंकाय कोन आल्तं?” तात्या म्हणाले. “म्हनलं, एकादा गडी गावतोय का बघू. इंदापूर काय लांब न्हाय. एका दिसाआड तो आला आसता, एका दिसाआड मी गेलो आसतो. बसाय मानूस पायजे. टीव्ही हाय घरात, पर टीव्ही काय आपल्याकडं बघतोय व्हय?”

“माझ्याकडे येता की रोज.”

“येतो की. पर तुमास्नी घरदार हाय.” ते खिडकीतून उसाकडे बघत होते. मग एकदम हसले. “खोटं कशाला बोलू, डाक्टर. आदी मी मुद्दामच लांबवायचो. पेरनी ठरली की डाव लागतोय, डाव लागला की संपतोय. म्हनून ठरवायचंच न्हाय. ती इटालियन तशी बरी हुती.”

इतके महिने मला जे कुतूहल होतं त्याचं उत्तर हे होतं. कोऱ्या पटावर विचार करण्यासारखं काय असतं, तर हे.

“पर तुमी शटरकडं बघायचा,” तात्या म्हणाले. “तोंडानं कवा म्हनला न्हाय. भला मानूस कसा म्हनंल? मग ही भीमथडी गावली. झटक्यात उरकतंय. म्हनलं, ह्ये झ्याक झालं. माजं बसनंबी हुतंय आनि तुमची भाकरीबी गरम ऱ्हातीय. म्हनून घेतली ती. एरवी मला ती लंडनच पटत चाल्ली हुती.”

मी तोंड उघडलं. शप्पथ सांगतो, सांगण्यासाठीच उघडलं. आणि म्हणालो, “तात्या, खिडकी लावू का? वारं गार आहे.”

“लावा,” ते म्हणाले.

काटेवाडीला ते उतरले. खालून म्हणाले, “उद्या बसायचं का? घाई आसंल तर ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, “घाई नाही, तात्या.” रस्त्यापासून आत त्यांचं घर दिसतं. पुढचा ट्रॅक्टर अडकला होता म्हणून गाडी बराच वेळ तिथंच थांबली. ती हलली तरी घरात दिवा लागला नव्हता. ते बहुतेक आधी म्हशींकडे गेले असतील.

ते अजून येतात. मी आता मात द्यायला उशीर लावतो, मुद्दाम चुका करतो. पण मालक रस्त्यावर खाट टाकून झोपलेला असताना डाव लांबवून लांबवून किती लांबणार? आणि तात्यांच्याही ते लक्षात येतं. “डाक्टर, आज बरं वाटत न्हाय का?” असं विचारतात. दिवाळीला काकू येतील तेव्हा त्यांना भीमथडी शिकवायची, असं त्यांनी ठरवलं आहे.

माझ्याकडून त्यांना दोन गोष्टी द्यायच्या राहिल्या आहेत. भीमथडी ओपनिंग नावाचं काही नसतं, हे एक वाक्य. आणि एक पूर्ण डाव, ज्याची पहिली चाल त्यांनी हवी तितकी लांबवावी आणि मी शटरकडे बघू नये.